आधी छप्पर, मग पंचनामा

(अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या संयुक्त बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापूस, सोयाबीन आणि तुरीवर बोलून झाले. आता कोंबड्यांवर बोला असे आम्हाला सांगितले, तेव्हा मागच्या रांगेतले काही जण हसले. हसा बापहो. आम्हीही असेच हसलो होतो. आम्ही पहिले शेड बांधायला काढले तेव्हा कोणीतरी आम्हाला कुक्कुटपालनाची एक पुस्तिका दिली होती. मूळ परदेशी, मराठीत आणलेली. तिच्यात एक पूर्ण प्रकरण होते : हिवाळ्यात छपरावर बर्फ साचला तर शेड कसे वाचवावे. खांब किती जाड असावेत, उतार किती असावा, जाळीवरचा बर्फ झाडूने कसा पाडावा. आम्ही म्हटले, मूर्तिजापूर-दर्यापूरकडे बर्फ फक्त रसवंतीवर दिसतो, आणि ती पाने न वाचता उलटून टाकली.

पुढे २०१४ साल उजाडले. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारपीट झाली ती तुम्हाला आठवत असेल. एक दिवस पडून थांबली नाही, पंधरा-वीस दिवस आज या तालुक्यात, उद्या त्या तालुक्यात अशी फिरत राहिली. गहू आडवा झाला, हरभरा घाट्यासकट झडला, संत्र्याच्या बागांचा सडा पडला. पेपरात फोटो आले ते गहू-संत्र्याचे. कोंबड्यांचे फोटो फारसे कुठे आले नाहीत. आमच्या वावरातल्या शेडासमोर त्या दिवशी घोट्याएवढा पांढरा थर होता आणि आम्ही दोघे भाऊ फावड्याने बर्फ ओढत होतो. तेव्हा त्या पुस्तिकेची आठवण झाली.

शेड होते पंचवीस फूट बाय ऐंशी फूट. आत अठराशे पाखरे, पाचव्या आठवड्यातली, म्हणजे आठ-दहा दिवसांत गाडी भरायची होती. शेडाला लागून वीस बाय चाळीस फुटांचे जाळीचे आवार होते. त्यात घरच्या गावठी कोंबड्या आणि थोडे मोठे तलंग सोडलेले असायचे. उन्हाचे दिवस जवळ आले म्हणून त्या आवारावर आठच दिवसांपूर्वी हिरवी जाळी अंथरली होती. दुपारी चारच्या सुमारास आभाळ पश्चिमेकडून काळे-तांबडे झाले. पहिले वारा आला, मग गार. वीस मिनिटांचे काम. त्या वीस मिनिटांत तीन गोष्टी घडल्या. प्रत्येकीचे कारण वेगळे होते, म्हणून आम्ही त्या वेगवेगळ्या सांगतो.

पहिली, आवाराची जाळी खाली बसली. बांबू मोडले आणि जाळी गारांसकट कोंबड्यांच्या अंगावर आली. याचा हिशेब आम्ही नंतर कागदावर मांडला, तुम्हीही मांडा. एक इंच जाडीचा घट्ट बर्फ एका चौरस फुटावर दोन-सव्वादोन किलो भरतो. गारांमध्ये फटी असतात, म्हणून सव्वा किलो धरा. शंभर चौरस फुटाला, म्हणजे एका ब्रासला, सव्वाशे किलो. आमचे आवार आठ ब्रासचे. इंचभर गार पडली तरी दहा क्विंटल! आपल्याला दहा क्विंटल म्हटले की कापूस आठवतो, आणि तो गाडीत भरायला किती माणसे लागतात तेही आठवते. ते वजन आम्ही दीड इंची बांबूवर आणि सुतळीवर टांगले होते. शिवाय गार जाळीवर सारखी पसरून राहत नाही. जाळी जिथे जराशी झोल खाते तिथे घरंगळत जाते, झोल वाढतो, मग आणखी गार तिकडेच जाते. शेवटी सगळे वजन एका जागी.

बर्फ पडतो तिथे कोंबड्या पाळणाऱ्यांना ही गोष्ट माहीत आहे. ओला बर्फ इंचभराच्या जाळीतूनसुद्धा खाली पडत नाही. तो तारेला चिकटतो, छिद्रे बुजतात आणि जाळीचे छत होऊन बसते. म्हणून तिकडे आवारावरची जाळी मोठ्या छिद्रांची घेतात, मध्यभागी उंच टेका देऊन तंबूसारखी दोन्हीकडे उतरती करतात, आणि बर्फ पडत असतानाच खालून काठीने हलवून पाडत राहतात. आपल्याकडे साध्या तारेच्या जाळीतून बारीक गार खाली पडून जाते. अडकते ती हिरव्या जाळीवर. म्हणजे उन्हापासून वाचवायला घातलेली वस्तूच गारेच्या दिवशी घात करते. आणि वऱ्हाडात गारपीट नेमकी फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच येते, जेव्हा आपण ही जाळी चढवतो. तेव्हा हिरवी जाळी घाला, जरूर घाला, अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तिथे ती नसून चालणार नाही. पण ती गाठी मारून कायमची बांधू नका. एका बाजूला कड्या घालून पडद्यासारखी सरकेल अशी करा. आभाळ भरले की एका माणसाने दोन मिनिटांत ओढून घेता आली पाहिजे. मधल्या बल्लीची उंची कडेपेक्षा तीन-चार फूट जास्त ठेवा. आम्ही आता अशी केली आहे, खर्च सुतळी आणि कड्यांचा.

दुसरी गोष्ट, शेडाची पश्चिमेकडची टिना उडाली. लोक म्हणतात गारेने छप्पर पडले. आमचे तसे झाले नाही, आणि आम्ही नंतर जी चार-पाच शेडं पाहिली त्यांचेही तसे झाले नव्हते. टिनाच्या उतारावर गार टिकत नाही, घसरून खाली जाते. आमचे छप्पर वाऱ्याने खालून उचलले. कोंबड्यांचे शेड म्हणजे दोन्ही बाजूंनी जाळी, मोकळे. वारा आत शिरतो, पण त्याला बाहेर पडायला तितकी वाट सापडत नाही, मग तो छपराला खालून ढकलतो. वरून जाणारा वाराही टिना वर ओढतो. वजनाने खाली येणाऱ्या छपराला खांब लागतात, वर जाणाऱ्या छपराला दोर लागतो. आपण खांबावर पैसा घालतो आणि दोर विसरतो.

आमच्या टिना वाशांना साध्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. खिळा वर खेचला की निघतो. तिथे जे-हुक पाहिजे, खाली वाशाला अडकलेला आणि वर वॉशरसकट नट आवळलेला. टिनेच्या कडेच्या ओळीला, म्हणजे पागोळीकडे आणि दोन्ही टोकांना, हुक दुप्पट लावा, कारण टिन उचटते ती कडेवरूनच. कैची खांबावर नुसती ठेवू नका. आठ गेजच्या तारेने किंवा लोखंडी पट्टीने खांबाला बांधा. आणि खांब जमिनीला. हे शेवटचे आपल्या भागात सर्वात कच्चे असते.

कारण आपली जमीन काळी. पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात तर विचारूच नका. पावसाळ्यात फुगते, हिवाळ्यात आकसायला लागते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. दीड-दोन फुटांवर गाडलेला खांब वर्षातून दोनदा हलतो. दोन वर्षांत खांब झुकतात, कैची ओढली जाते, टिनांची छिद्रे लांबट होतात, वॉशर सैल पडतो. छप्पर उडते त्या दिवशी आपण वाऱ्याला दोष देतो, पण ते सैल तीन वर्षांपासून झालेले असते. काळ्या जमिनीत खांबाचा खड्डा साडेतीन-चार फूट तरी घ्या. खालच्या बाजूला जरा रुंद करा, मुरूम भरून ठोका आणि मग काँक्रीट. शेडाभोवती पावसाचे पाणी साचू देऊ नका, नाली काढा. आणि दरवर्षी दिवाळीनंतर, कापूस वेचणीची धांदल सुरू व्हायच्या आत, एक दिवस शिडी लावून प्रत्येक नट हाताने आवळा. एका माणसाची एका दिवसाची मजुरी. याहून स्वस्त विमा आम्हाला माहीत नाही.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल एक शब्द. उन्हात तो टिनेपेक्षा बरा, आवाजही कमी. पण जुना झालेला सिमेंट पत्रा ठिसूळ होतो आणि मोठी गार त्याला आरपार भोक पाडते. टिनेला खड्डे पडतात, भोक पडत नाही. ज्यांच्याकडे सिमेंट पत्रे आहेत त्यांनी चार-सहा जादा पत्रे आणि एक मोठी ताडपत्री शेडातच ठेवावी, तालुक्याहून आणायला पाठवू नये. गारपिटीच्या संध्याकाळी तालुक्याच्या दुकानात ताडपत्री मिळत नाही, मिळाली तर भाव ऐकून परत यावे लागते.

उन्हाळ्यासाठी टिनेवर कडबा, तुराट्या, पऱ्हाट्या टाकायची आपली रीत आहे. चांगली आहे. पण तो थर ओला झाला की कडबा पाणी पितो आणि त्याचे वजन कितीतरी वाढते. गारही त्यावरून घसरत नाही, अडकून बसते. टिनेवर गार टिकत नाही असे आम्ही वर म्हटले ते उघड्या टिनेचे, कडब्याने झाकलेल्या टिनेचे नव्हे. म्हणून थर पातळ, बांधलेला, आणि शक्य असेल तर मार्च उलटल्यावर. त्याला आग लागायची भीती असते ती वेगळीच.

वाऱ्याला आड म्हणून झाडे लावा असे सगळेच सांगतात. झाडे जरूर लावा, पण शेडाला चिकटून नको. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री बाळापूर तालुक्यातल्या पारसला काय झाले ते अकोल्याच्या माणसाला सांगायची गरज नाही. बाबूजी महाराज संस्थानाजवळ वादळी पावसात जुना कडुनिंब टिनाच्या शेडावर कोसळला. आडोशाला उभी असलेली सात माणसे गेली. झाडाची जेवढी उंची, तेवढे अंतर शेडापासून हवे. जवळ जुने झाड असेल तर पावसाळ्याआधी आणि पुन्हा फेब्रुवारीआधी त्याच्या वाळक्या फांद्या उतरवा. आणि गारपीट चालू असताना छप्पर धरायला कोणी शेडात शिरू नका. पाखरे पुन्हा येतात.

तिसरी गोष्ट सर्वात महागाची. अठराशे पाखरांतली सहाशेच्या वर मेली. आम्ही ती एकेक मोजली, खड्ड्यात टाकताना. त्यातली गार लागून किंवा टिनेखाली येऊन मेलेली चाळीसही नव्हती. बाकीची कशाने मेली? एकमेकांखाली. टिनेवर गारेचा आवाज म्हणजे डोक्यावर ढोल. त्यात वीज गेली आणि अंधार झाला. पश्चिमेकडून पाणी आले तशी सगळी पाखरे पूर्वेकडच्या दोन कोपऱ्यांत धावली, एकावर एक चढली आणि खालची गुदमरली. आम्ही बाहेर टिना धरून उभे होतो. आमची आई, तिने जन्मभर खुराड्यात दहा-बारा कोंबड्याच पाळल्या, ती दारातून ओरडत होती, "आंदी बत्ती लावा रे पोट्टेहो, अंधारातच मरते कोंबड्या!" आम्ही तिचे ऐकले नाही. आम्हाला वाटले छप्पर वाचवले की पाखरे वाचली.

तेव्हा शेडात हे करून ठेवा. कोपरे काटकोनात ठेवू नका, पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा आडवा लावून गोल करा. लांब शेडाचे दीड-दोन फूट उंच जाळीने तीन-चार भाग पाडा, म्हणजे सगळी पाखरे एकाच टोकाला धावू शकत नाहीत. बॅटरीचे दोन दिवे कायम चार्ज करून आतच टांगून ठेवा. आजकाल ते स्वस्त मिळतात. आणि गार सुरू झाली की एक माणूस आत, काठी घेऊन नव्हे, दिवा घेऊन, शांतपणे कोपऱ्यात उभा. अर्थात छप्पर बांधलेले असेल तरच. सैल छपराखाली माणूस उभा करू नका.

गार थांबल्यावरचे पहिले पाच-सहा तास पाखरांच्या जिवाचे असतात. ओले पाखरू आणि वरून रात्रीचा गारवा, हे जमत नाही. ओली पाखरे कोरड्यांपासून वेगळी करा आणि कोरड्या तुसावर आणा. पडदे खालून वर ओढा, पण वरती फूट-दीड फूट मोकळे राहू द्या. प्यायला कोमट पाणी द्या, गुळाचे किंवा क्षाराच्या पुडीचे. भिजलेले तूस त्याच रात्री फावड्याने बाहेर काढा. सकाळी करू म्हटले की सकाळी त्यातून अमोनियाचा भपकारा निघतो आणि आठवड्याने सर्दी-श्वासाचे दुखणे लागते. तूस भंडारा-गोंदियाकडून येते, महाग पडते, म्हणून काही जण सोयाबीनचे कुटार अंथरतात. कोरडे असेल तर चालवून घ्या. पण ओले होऊन बुरशी धरलेले कुटार पिलांच्या फुफ्फुसात जाते. ते अंथरूच नका.

गारेवर फार बोललो. थंडीवर थोडे, कारण बर्फाशी आपली खरी ओळख होते ती गारपिटीत, पण थंडी दरवर्षी येते. चिखलदऱ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो आणि खालच्या मैदानातही काही रात्री तसा जातो. मोठी कोंबडी हे सोसते, थोडी जास्त खाते इतकेच. मरते ते पिलू. पहिल्या आठवड्यात पिलाला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचे. एका पिलामागे दोन वॅट असा जुना हिशेब आहे. पण तो जुन्या काचेच्या दिव्यांचा. आता सगळीकडे एलईडी आले. त्यांचा उजेड भरपूर, ऊब नाही. आमच्या ओळखीतल्या एका पोराने मोठ्या हौसेने सगळे दिवे बदलले आणि पहिल्याच रात्री पिले गोळा होऊन पडली. पिले दिव्याखाली गोळा झाली तर ऊब कमी, कडेला पळाली तर जास्त, सारखी पसरली तर बरोबर. थर्मामीटरपेक्षा हे खरे.

रात्री वीज जाणार हे धरूनच चाला. मग लोक काय करतात, कोळशाची शेगडी आत ठेवतात आणि चारी बाजूंनी पडदे आवळतात. भावांनो, त्या शेगडीचा विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही. पिले जातात आणि राखणीला आत झोपलेला माणूसही जातो. शेगडी ठेवायची तर पडद्याचा वरचा भाग उघडा ठेवा, आणि माणूस बाहेर झोपेल. अंड्याच्या कोंबड्यांचे सांगायचे तर डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचा. त्यांना उजेड लागतो सोळा तास. उरलेले पाच तास दिव्याचे द्या. इथे मात्र एलईडी खुशाल वापरा.

आता मायबहिणींसाठी. घरामागचे खुराडे हे काही पोल्ट्री नाही असे समजून कोणी त्याबद्दल सांगत नाही. पण बाजाराच्या दिवशी बाईच्या हातात नवऱ्याला न विचारता येणारा पैसा तिथूनच येतो. खुराडे जमिनीपासून हात-दीड हात उंच ठेवा, खाली पाणी शिरत नाही आणि मुंगसालाही सोपे पडत नाही. दार पूर्वेला किंवा दक्षिणेला. आपल्याकडे गार बहुतेक पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तिरपी येते. वर टिनेचा तुकडा दगड ठेवून दाबलेला असतो. वादळात तो दगडच कोंबडीवर पडतो. त्या जागी तार बांधा. डाल्याखाली ठेवलेली पिलांची कोंबडी आभाळ भरताच घरात घ्या. डाले गारेला टिकत नाही.

आता ज्यासाठी आम्ही हे भाषण मागून घेतले तो मुद्दा. पैसा.

गारपीट ही सरकारी यादीत नैसर्गिक आपत्ती आहे. थंडीची लाट आणि दहिवरही त्याच यादीत आहे, हे बहुतेकांना माहीत नसते. म्हणजे कोंबड्या त्याने मेल्या तर पंचनामा मागायचा हक्क आहे. रोगाने मेल्या तर या निकषात बसत नाही. म्हणून मेल्याचे कारण कागदावर येणे महत्त्वाचे. मिळते किती ते ऐका. २०१५ पासूनच्या निकषांत एका कोंबडीला ५० रुपये होते आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त ५,००० रुपये. २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठी केंद्राने दर दुप्पट केला, कोंबडीला १०० रुपये, आणि मर्यादा केली १०,००० रुपये. टाळ्या वाजवायच्या आधी भागाकार करा. पाच हजार भागिले पन्नास, शंभर कोंबड्या. दहा हजार भागिले शंभर, पुन्हा शंभरच कोंबड्या. दर वाढला, पण सरकारच्या लेखी शेतकऱ्याची कोंबडी शंभराच्या पुढे मरतच नाही. परसातल्या बाईला हा निकष पुरतो, चांगले आहे. पण ज्याला बँकेने कर्ज देऊन पाच हजार पाखरांचे शेड उभारायला लावले, त्याला शंभर पाखरांची भरपाई. आणि शेडाचे काय? निकषात गोठा आहे, तोही घराला लागून असलेला. वावरातल्या कोंबड्यांच्या शेडाची ओळ तिथे नाही.

यातही एक पाचर आहे. आज आपल्यातले बरेच जण करारावर ब्रॉयलर वाढवतात. पिले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेड, वीज, तूस, पाणी आणि अंगमेहनत आपली. मोबदला किलोमागे. मग गारपिटीत पाखरे मेली तर ती कोणाची? पंचनामा करणारा म्हणतो, पाखरे तुमच्या मालकीची नाहीत. कंपनीचा हिशेब म्हणतो, मरतूक जास्त झाली, मोबदल्यातून कापा. कागद पुढे सरकवताना पाखरे कंपनीची, पैसे कापताना आपली. शेड तर कोणत्याच कागदात नाही. आमच्या सहाशे पाखरांच्या वेळी हेच झाले. कोणाचे नाव आम्ही इथे घेत नाही, कारण ते एकाचे नाही, सगळ्यांच्या करारांचा साचाच तसा आहे. करार इंग्रजीत होता, आम्ही सही मराठीत केली.

म्हणून यापुढे सही करण्याआधी तीन ओळी मागा आणि लिहून घ्या. वादळ-गारपीट-वीज पडून झालेली मरतूक मोबदल्यातून कापली जाणार नाही. अशा वेळी कंपनीचा माणूस चोवीस तासांत येऊन संयुक्त पंचनाम्यावर सही करेल. आणि कराराची मराठी प्रत शेतकऱ्याकडे राहील. एकट्याने मागितले तर दुसऱ्या शेतकऱ्याकडे गाडी वळते. गावातल्या पाच-सहा शेडवाल्यांनी मिळून मागितले तर पाच-सहा गाड्या वळवणे सोपे नसते.

बँकेच्या कर्जावर शेड असेल तर विमा बहुतेक काढलेलाच असतो, हप्ता आपल्याच खात्यातून जातो, पण पॉलिसी आपण पाहिलेली नसते. उद्याच बँकेत जा आणि प्रत मागा. आगीच्या विम्यात वादळ-पुराचे कलम जोडले आहे का पाहा. रक्कम किती आहे पाहा. काही ठिकाणी ती उरलेल्या कर्जाएवढीच असते, म्हणजे बँक वाचते आणि शेड पडलेलेच राहते.

गार पडली त्या दिवशीचा क्रम लक्षात ठेवा. पाखरे पुरायच्या आधी फोटो, मोजता येतील असे दहा-दहाच्या ओळीत मांडून, तारीख दिसेल असे. तलाठ्याला, आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी लेखी अर्ज. पोच घ्या. दोन-चार पाखरांची मरणोत्तर तपासणी करून घ्या, कारण २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू झाल्यापासून ढीगभर मेलेल्या कोंबड्या दिसल्या की गावात वेगळीच कुजबुज सुरू होते आणि शेजारचे गिऱ्हाईकही तुटते. मग विहिरीपासून दूर खोल खड्डा, चुना, माती. पंचनाम्यावर आकडा वाचल्याशिवाय सही नको. आम्ही केली होती. कोऱ्या रकान्यावर. पुढे त्यात काय भरले गेले ते आम्हाला कधीच पाहायला मिळाले नाही.

बैल गेला नि झोपा केला, असे तुम्ही आम्हाला म्हणाल. खरे आहे. २०१८ च्या ११ फेब्रुवारीला रविवारी पुन्हा विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली, अकोला-अमरावतीतही. आमच्याकडे वाऱ्याने खूप हिसके दिले, पण टिना जागच्या जागी राहिल्या. आठ पाखरे गेली. त्या रात्री आई म्हणाली, "आता बत्ती लावाची अक्कल आली तुम्हाले."

जिल्हा समितीपुढे आमचा ठराव लेखी दिला आहे : भरपाईची शंभर पाखरांची मर्यादा काढावी आणि वावरातल्या शेडाला निकषात जागा द्यावी. चर्चेला घ्यावा. बाहेर चहाच्या टेबलाजवळ आम्ही आमच्या शेडाचा जुना खिळा, नवा जे-हुक आणि आठ गेजच्या तारेचा तुकडा ठेवला आहे, सोबत करारात घालायच्या तीन ओळींचा मराठी मसुदाही. हुक हातात घेऊन पाहा, मसुद्याची प्रत घेऊन जा. प्रती पन्नासच आहेत, तेव्हा एका गावाने एकच घ्यावी.